हिरव्या बांगड्यांचा हात: संमोहनात ‘आठवलेल्या’ चोरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कुटुंब दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं. साठी ओलांडलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नातू. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणते. पती काही वर्षांपूर्वी वारले. घरात अकरा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. लग्नाच्या गडबडीत त्या चार दिवस मुक्कामालाच होत्या. दोघींची संमती घेऊन हे लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. बाईंच्या अंगावर त्यांच्या आईकडून आलेली मोहनमाळ आणि तोडे होते, सगळं मिळून नऊ तोळ्यांच्या आसपास. लग्नाच्या रात्री कार्यालयातून घरी यायला साडेअकरा वाजले. घरभर पाहुणे, पुढच्या खोलीत गाद्या घातलेल्या, स्वयंपाकघरात कोणीतरी चहा ठेवलेला. बाईंनी दागिने उतरवले आणि लाल मखमली पाकिटात घातले, इथवर त्यांना ठाम आठवत होतं. पाचव्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेसाठी गोदरेजच्या कपाटाचा चोरकप्पा उघडला तर पाकीट नव्हतं. धान्याचे डबे, रुखवताचे खोके, गाद्यांचे अभ्रे, सगळं उलथंपालथं केलं. काही मिळालं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी पुण्यातल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला: “कपाटातच ठेवलं असणार गं, दुसरीकडे कुठे ठेवणार? पण त्या रात्री डोळेच उघडत नव्हते. कुलूप लावलं का, चावी कुठे टाकली, काही म्हणता काही आठवत नाही बघ.” या निरोपाकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. पुढे सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत मोलाचा ठरला.

आठवड्याभराने एका नातेवाइकाने सुचवलं की जिल्ह्याच्या ठिकाणी एक संमोहनकार आहेत, ते विसरलेलं सगळं बाहेर काढतात. हे गृहस्थ रंगमंचावर संमोहनाचे प्रयोग करतात आणि बाकीच्या दिवशी ‘उपचार’ही करतात. मानसशास्त्राचं औपचारिक प्रशिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. मुलगा आईला घेऊन गेला. पाऊण तासाच्या सत्राचं त्याने मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं, तेही ‘पुढे पुरावा म्हणून लागेल’ या विचाराने. सत्रातून बाई बाहेर आल्या त्या खात्री घेऊनच. कपाटाच्या उघड्या दारातून आत जाणारा हात त्यांना दिसला होता. बाईमाणसाचा हात, हिरव्या बांगड्या भरलेला. तो हात मावशीचा होता.

अडचण

दुसऱ्या दिवशी मावशीला कामावरून बंद केलं आणि महिन्याचा पगार अडवून ठेवला. बाईंनी भजनी मंडळात चार जणींना सांगितलं आणि गावात बोलबाला व्हायला तेवढं पुरे झालं. मावशीचा नवरा दारात येऊन भांडून गेला. मावशीची आणखी दोन घरची कामं सुटली. मुलाने पोलिसांत द्यायचा अर्ज लिहायला घेतला. त्यात मावशीचं नाव होतं आणि ‘आईने प्रत्यक्ष पाहिले’ असं वाक्य होतं.

त्या काळात बाईंची झोप उडाली. डोळे मिटले की तोच हात. रात्रीत जेमतेम तीन तास झोप होत होती. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉईड, साखर तपासून त्यांना माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर ‘निद्रानाश’ एवढंच लिहिलं होतं.

पहिल्या भेटीत मुलाने मात्र वेगळीच मागणी केली. “मॅडम, तुम्हीही संमोहन करता असं डॉक्टर म्हणाले. हात दिसलाय, आता फक्त चेहरा दिसायला हवा. आईला एकदा खोल न्या.”

म्हणजे एका खुर्चीत तीन गोष्टी बसल्या होत्या: झोप न येणारी एक बाई, त्या खोलीत हजरही नसलेल्या दुसऱ्या बाईवरचा आरोप, आणि तो आरोप पक्का करून देण्याची मला केलेली विनंती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली नोकराने मालकाच्या घरी केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम मी त्या दिवशी मुलाला मुद्दाम सांगितलं, कारण ‘चेहरा दिसला’ या वाक्याची किंमत त्या घरात अजून कोणी मोजली नव्हती.

कुटुंबाचे प्रश्न

पर्यायांचा विचार करण्याआधी बाई, मुलगा आणि सून या तिघांच्या प्रश्नांना बराच वेळ दिला. संमोहनाबद्दलच्या समजुती तशाच राहिल्या असत्या तर माझा नकार त्यांना आडमुठेपणाच वाटला असता.

बाईंचा पहिला प्रश्न: “मी झोपले होते का?” नाही. संमोहनात मेंदूचा विद्युत आलेख झोपेसारखा नसतो. माणूस जागा असतो आणि बोलणं ऐकत असतो, फक्त त्याचं लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं आणि बाकीचं मागे सरतं. १८४३ साली या अवस्थेला आजचं नाव रूढ करणाऱ्या जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने ते नाव ग्रीक पुराणातल्या निद्रादेवतेवरून घेतलं, आणि झोपेचा गैरसमज तेव्हापासून चिकटला तो सुटलेला नाही.

“मग मी त्यांच्या ताब्यात होते का?” तेही नाही. नको असलेली गोष्ट माणूस संमोहनातही नाकारू शकतो. पण इथे एक बारकावा आहे आणि त्यावर मी जास्त बोलले. आपल्याला मदत करणाऱ्याचं ऐकावं, त्याला हवं ते द्यावं, ही ओढ संमोहनात वाढते. शिवाय ‘हे मी आठवतेय की मनात रंगवतेय’ हे तपासणारी आतली नजर सैल पडते. जबरदस्ती कोणी करत नाही, पण चाळणीची भोकं मोठी होतात.

सुनेने विचारलं, “सगळ्यांनाच असं होतं का? माझ्यावर कॉलेजात एकाने प्रयोग केला होता, मला काहीच झालं नाही.” हे अगदी खरं आहे. १९५९ पासून वापरात असलेल्या स्टॅनफर्ड मापनश्रेणीवर ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के लोक फार संमोहनक्षम निघतात, जवळपास तेवढ्यांवर काहीच परिणाम होत नाही आणि उरलेले मध्ये कुठेतरी असतात. हा गुण चांगलाच टिकाऊ आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजल्यावरही माणसांचे गुण बऱ्याच अंशी तसेच आले होते. भोळेपणाशी किंवा कमी बुद्धीशी त्याचा संबंध नाही. कीर्तनात, नाटकात, वाचनात हरवून जाणाऱ्या लोकांत तो जास्त आढळतो. बाई आकाशवाणीवरचं नभोनाट्य ऐकताना दूध उतू घालवणाऱ्यांपैकी होत्या.

मुलाचा प्रश्न सर्वांत कळीचा होता: “मेंदूत सगळं सीसीटीव्हीसारखं रेकॉर्ड असतंच ना? संमोहन फक्त ते चालू करतं.” असं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं. आठवण साठवलेली चित्रफीत नसते. प्रत्येक वेळी ती तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते, आणि मधल्या रिकाम्या जागा आपल्या अंदाजाने, ऐकलेल्या गोष्टींनी, विचारणाऱ्याच्या शब्दांनी भरल्या जातात. जुळवलेलं आणि घडलेलं आतून सारखंच जाणवतं.

याचे दाखले त्यांना सांगितले. १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्यात लोकांना ६० चित्रं दाखवून आठवडाभर पुन्हा पुन्हा आठवायला लावलं आणि मग काहींना संमोहनात नेलं. संमोहित गटाने नव्या गोष्टी सुमारे दुप्पट सांगितल्या, पण चुकाही तिप्पट केल्या. दुसरा प्रयोग लॉरेन्स आणि पेरी या कॅनडातल्या संशोधकांचा. त्यांनी २७ अतिशय संमोहनक्षम व्यक्तींना मागच्या आठवड्यातल्या एका रात्रीत मनाने नेलं आणि ‘मोठ्या आवाजाने जाग आली होती का’ असं सुचवलं. असा आवाज झालेलाच नव्हता. सत्र संपल्यावर २७ पैकी १३ जण आवाज खरंच झाला होता असं मानत होते, आणि तो आवाज सूचनेतून आला हे सांगितल्यावरही त्यातले काही ठाम राहिले. १९८५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या परिषदेने सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं की संमोहनातून ताजी केलेली आठवण अधिक अचूक नसते, उलट कमी भरवशाची ठरण्याचा धोका असतो.

हे ऐकून बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी खोटं बोलले?” इथे मला थांबून नीट बोलावं लागलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. बाईंना जे दिसत होतं ते त्यांना खरंच दिसत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाचाच: पुन्हा संमोहन. मुलाने त्यासाठी अमेरिकेतलं उदाहरण आणलं होतं आणि ते खरं आहे. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेची बस पळवून २६ मुलांना आणि चालकाला जमिनीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. चालकाच्या धडपडीने सगळे सुटले. पुढे संमोहनात त्या चालकाने गाड्यांचे क्रमांक सांगितले आणि त्यातला एक क्रमांक एका आकड्याच्या फरकाने जुळला. मी हे उदाहरण मुळीच फेटाळलं नाही. पण गाडीचा क्रमांक नोंदवहीत तपासता येतो. बरोबर निघाला तर गाडी मिळते, चुकीचा निघाला तर सोडून देता येतो. बांगड्या भरलेला हात कोणत्या नोंदवहीत तपासायचा? जिथे बाहेरून पडताळा नाही, तिथे संमोहनातून मिळते ती नुसती खात्री, आणि बाईंकडे ती आधीच गरजेपेक्षा जास्त होती. दुसऱ्या सत्रात चेहरा दिसला असता याबद्दल मला शंका नाही. तो कोणाचा असता हेही सांगता आलं असतं.

दुसरा पर्याय: फक्त निद्रानाशावर उपचार करायचे आणि आरोपाच्या भानगडीत पडायचं नाही. व्यावसायिक चौकटीत हा सर्वांत सुरक्षित होता. चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं होतं आणि मावशी माझ्या रुग्ण नव्हत्या. पण झोप ज्या कारणाने गेली त्याला हात न लावता ती आणायची म्हणजे बाईंना शांतपणे झोपवून मावशीला तुरुंगात जाऊ देणं. मी हा पर्याय बाजूला ठेवला आणि आजही तसंच करेन.

तिसरा पर्याय मनात आला तो सर्वांत मोहक होता: बाईंना सरळ सांगून टाकायचं की ही आठवण खोटी आहे. तोही नाकारला. मला ते माहीतच नव्हतं. मावशीने चोरी केली नाही हे सिद्ध करणारं माझ्याकडे काहीही नव्हतं. शिवाय इतक्या सूचनक्षम बाईला मी अधिकारवाणीने ‘असं घडलंच नाही’ म्हटलं असतं, तर ती संमोहनकाराच्या सूचनेवर घातलेली माझी सूचना झाली असती. मला एवढंच सांगता येत होतं की त्या हातावर कोणाचा निवाडा करता येत नाही.

चौथा पर्याय नार्कोचा. एका काकांनी फोनवर सुचवलं, “पोलिसांकडून मावशीची नार्को करून घ्या.” नार्को चाचणी औषध टोचून होते, तिचा संमोहनाशी संबंध नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला आहे की नार्को, पॉलीग्राफ आणि मेंदूच्या आलेखाची चाचणी कोणावरही संमतीशिवाय लादता येत नाही. संमतीने झाली तरी चाचणीतलं बोलणं हा स्वतः पुरावा होत नाही. हा पर्याय दोन मिनिटांत मिटला.

उरला तो पाचवा: सत्राआधी बाईंना जे आठवत होतं ते शोधून वेगळं काढायचं, नंतर आलेलं त्याच्यापासून बाजूला ठेवायचं, आणि मग कुटुंबाने काय करायचं ते ठरवायचं.

यात एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय दडलेला होता. झोपेसाठी संमोहन चांगलं उपयोगी पडतं आणि मी ते नेहमी वापरते. बाईंच्या बाबतीत मात्र पोलिसांपुढे त्यांचं म्हणणं लिहून होईपर्यंत संमोहन नाही, आणि मार्गदर्शित कल्पनाचित्रंही नाहीत, असं ठरवलं. त्या रात्रीच्या आसपास आणखी एकही चित्र तयार व्हायला नको होतं. झोपेसाठी साधे वर्तनोपचार घेतले: उठण्याची वेळ पक्की, अंथरुणात जागं पडून राहायचं नाही, दुपारची झोप बंद.

काय केलं

एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘सत्राआधी’, उजवीकडे ‘सत्रानंतर’. डावा रकाना आज आठवून भरायचा नाही, त्या वेळी बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांनीच भरायचा, असा नियम केला. सत्रानंतर ‘मला आधीपासूनच मावशीचा संशय होता’ असं वाटू लागणं अगदी स्वाभाविक असतं आणि त्या वाटण्यावर विसंबता येत नाही. बहिणीचा फोन कामी आला. पुण्याहून तिने जुने निरोप पाठवले आणि बाईंनी माझ्यासमोर स्वतःचाच आवाज ऐकला: “काही म्हणता काही आठवत नाही बघ.” डाव्या रकान्यात हात नव्हता, बांगड्या नव्हत्या, मावशीचं नावही नव्हतं.

मग सत्राचं ध्वनिमुद्रण. ते मी एकटीने ऐकून निष्कर्ष सांगितला असता तर ते माझं मत झालं असतं. म्हणून मुलालाच घरी बसून शब्दन् शब्द लिहून काढायला सांगितलं आणि एकच काम दिलं: प्रत्येक नवा तपशील पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आला ते लाल पेनाने लिही. पुढच्या भेटीला तो वही घेऊन आला. मधला भाग असा होता:

“कपाट उघडं आहे. कोण आहे तिथे?”
“कोणी नाही.”
“नीट बघा. घाई नाही. एक हात दिसतोय. बाईचा आहे की पुरुषाचा?”
“…बाईचा.”
“शाब्बास. हातात काय आहे?”
“बांगड्या.”
“कसल्या? रंग बघा.”
“हिरव्या.”
“घरात काम करणारं कोण होतं त्या दिवशी?”

‘एक हात दिसतोय’ या ओळीखाली मुलाने दोनदा लाल रेघ मारली होती. “हात त्यांनी आणला,” तो म्हणाला. “आईने तर ‘कोणी नाही’ म्हटलं होतं.” ‘शाब्बास’ या शब्दाकडे मी त्याचं लक्ष वेधलं. जन्मभर तो शब्द मुलांना देत आलेल्या बाईंना तो शब्द मिळाला की पुढचं उत्तर द्यावंसं वाटणारच.

बांगड्यांचा उलगडा बाईंनी स्वतःच केला. लग्नाच्या आधी कासार घरी येऊन बसतो आणि घरातल्या, आल्यागेल्या सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरतो. सून, दोन्ही नणंदा, पुण्याची बहीण, शेजारणी, मावशी, सगळ्यांचे हात हिरवे होते. आणि बाईंचेही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर आमच्या भागात थोडं मोकळं वारं आलं आहे. मुलीने हट्ट धरला म्हणून बाईंनी कितीतरी वर्षांनी काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. “तो हात माझाही असेल,” त्या म्हणाल्या. मी त्यावर हो किंवा नाही म्हटलं नाही.

यानंतर एक शांत, साधी मुलाखत घेतली. १९८०च्या दशकात फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांसाठी विकसित केलेली बोधात्मक मुलाखतीची पद्धत त्यासाठी वापरली. डोळे उघडे, कोणतीही सूचना नाही. त्या रात्रीचा उकाडा, आवाज, वास आठवायचे आणि बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सगळं बोलायचं. एकदा सुरुवातीपासून सांगायचं, एकदा शेवटाकडून मागे. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर मानलं जाईल असं आधीच सांगितलं. यातून चोर मिळाला नाही, पण दोन गोष्टी आल्या आणि त्या दोन्ही सुनेने स्वतंत्रपणे दुजोरा दिलेल्या होत्या. कपाटाची चावी लग्नाचे चार दिवस मधल्या खोलीच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती, कारण साड्या आणि आहेराची पाकिटं काढायला ती सारखी लागत होती. आणि त्या रात्री बाई पाकीट हातात घेऊन उभ्या असताना सुनेने हाक मारली होती, रुखवताची भांडी टेम्पोतून उतरवायला. त्यानंतर पाकिटाचं काय झालं, याची आठवण नव्हती. ती जागा रिकामी होती आणि आम्ही ती रिकामीच ठेवली.

तक्रार अर्ज मुलाने नव्याने लिहिला. कोणाचंही नाव संशयित म्हणून घातलं नाही. दागिन्यांचं वर्णन, सोनाराची जुनी पावती, घरात मुक्कामाला असलेल्या सगळ्यांची यादी, चावी कुठे होती, आणि शेवटच्या परिच्छेदात हेही की अमुक तारखेला आईवर संमोहनाचं सत्र झालं असून त्यानंतरचं तिचं म्हणणं वेगळं नोंदवावं. हा परिच्छेद घालायला मुलगा आधी तयार नव्हता, आपली बाजू कमकुवत होईल असं त्याला वाटत होतं. अमेरिकेत अशा साक्षींवरून न्यायालयांत अनेक वर्षं वाद झाले आहेत, हे त्याला सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली संमोहनानंतरची साक्ष जवळजवळ बादच केली. सत्र झाल्याचं लपवलं आणि नंतर उघड झालं, तर बाईंच्या खऱ्या आठवणींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला पटलं.

निष्पत्ती

दागिने मिळालेले नाहीत. पोलिसांनी घरातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांकडे चौकशी केली, मावशीकडेही, पण इतरांसारखीच.

बाई सुनेला घेऊन मावशीच्या घरी गेल्या. अडवलेला पगार दिला आणि सांगितलं की मी तुझं नाव घेतलं ते मला आठवलं म्हणून नव्हे, मला तसं सुचवलं गेलं आणि मी ते धरून बसले म्हणून. मावशीने पैसे घेतले. “ते ठीक आहे बाई,” त्या म्हणाल्या, “पण गावाला कोण सांगणार?” त्या कामावर परत आल्या नाहीत. पुढच्या एकादशीला बाईंनी भजनी मंडळात, जिथे नाव घेतलं होतं तिथेच, उभं राहून ते मागे घेतलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम हेच होतं आणि त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. मावशीला आता दुसऱ्या दोन घरी काम मिळालं आहे.

झोप सहा तासांच्या जवळ आली. जबाब नोंदवून झाल्यावर बाईंनी स्वतःच विचारलं, आता झोपेसाठी संमोहन चालेल का. चाललं. सत्रात फक्त श्वास, हातापायांचं जडपण आणि त्यांच्या माहेरचा आंब्याचा पार एवढंच ठेवलं, त्या रात्रीचा उल्लेखही केला नाही. संमोहनाबद्दल लोकांच्या मनात अविश्वास भरावा असा या लेखाचा हेतू नाही. वेदना कमी करायला, शस्त्रक्रियेआधीची भीती उतरवायला त्याचा चांगला उपयोग होतो. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये आतड्यांच्या चिवट विकारावर त्याचा परिणाम दाखवला आणि तो उपचार आजही चालू आहे. शरीराला सैल करणारं हे साधन साक्ष काढायला नेमकं त्याच गुणामुळे निकामी ठरतं.

हात अजून दिसतो, पूर्वीपेक्षा कमी वेळा. कुठून आला हे कळल्यावरही चित्र पुसलं जात नाही, हे संशोधनातही नोंदलेलं आहे: विश्वास उडतो, दृश्य राहतं. बाई त्याच्याबद्दल आता म्हणतात, “येतो आणि जातो. मी त्याला नाव देत नाही.”

मुलाने शेवटच्या भेटीत विचारलं, “आणि उद्या दागिने मावशीकडेच सापडले तर?” तर तपासाने सापडलेले दागिने हा पुरावा असेल. तेव्हाही या वहीतल्या लाल रेघा होत्या तिथेच राहतील.

वेगळं काय करता येईल

सर्वांत स्वस्त उपाय अगदी सुरुवातीला होता. दागिने नाहीत हे कळलं त्याच संध्याकाळी, कोणाशी चर्चा करण्याआधी, घरातल्या प्रत्येकाने आपल्याला आठवतं ते स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहायला हवं होतं. बहिणीला निरोप गेला होता म्हणून निभावलं. तो गेला नसता तर डावा रकाना कोराच राहिला असता.

संमोहनातून स्मरण करायचंच असेल तर त्याची शिस्त मार्टिन ऑर्न या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७०च्या दशकाअखेर घालून दिली होती. सत्र घेणारा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, त्याला प्रकरणाची माहिती आणि संशय आधी सांगू नये, सत्रापूर्वी व्यक्तीचं म्हणणं पूर्ण लिहून घ्यावं, पहिल्या क्षणापासून सगळं चित्रित करावं, खोलीत तिसरं कोणी नसावं. या कुटुंबाने संमोहनकाराला दारातच सांगितलं होतं की कामवालीवर संशय आहे. माझा कल तरीही या शिस्तीच्या एक पाऊल पुढे आहे. ज्या प्रकरणात एखाद्या माणसावर आरोप येऊ शकतो आणि बाहेरून पडताळा शक्य नाही, तिथे स्मरणासाठी संमोहन करूच नये.

मावशीच्या पगाराचा प्रश्न पहिल्याच भेटीत घ्यायला हवा. चोरी कोणी केली हे ठरेपर्यंत थांबण्याचं त्यात काहीच कारण नाही, काम झालेलं असतं. अशा प्रकरणात आता मी निद्रानाशाच्या प्रश्नांसोबतच विचारते: कोणाला कामावरून काढलंय का, कोणाचे पैसे अडवलेत का, नाव कोणाकोणासमोर घेतलंय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते, कारण नाव मागे घ्यायची वेळ आली तर तीच यादी लागते.

आणि डॉक्टरांची चिठ्ठी. निद्रानाश कधी सुरू झाला एवढं विचारलं जातं, त्याच्या आदल्या आठवड्यात काय झालं हे क्वचितच. त्या डॉक्टरांशी यावर बोलणं झालं आहे आणि त्यांच्या पुढच्या दोन चिठ्ठ्यांत तो तपशील आला आहे.